सी शार्पमधला नल: 'इंट?' आणि 'स्ट्रिंग?' यांवर किती भरवसा ठेवायचा

सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत परीक्षेच्या निकालाचा क्लास (माहिती ठेवायचा साचा) लिहिताय असं समजा. विद्यार्थी गैरहजर असेल तर गुण काय ठेवायचे? साध्या इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकाच्या टाइपमध्ये, नल ('किंमतच नाही') बसत नाही. काहीच भरलं नाही तर ० राहतो आणि गैरहजर मुलगा नापास दिसतो. तारखेचंही तेच: न भरलेला डेटटाइम १ जानेवारी ०००१ दाखवतो.

इथे बेलाशक 'इंट?' घ्या. २००५ साली सी शार्प २.० मध्ये आलेला हा टाइप इंटपेक्षा खरोखरच वेगळा आहे. त्यात मूळ किंमत असते आणि ती भरली आहे की नाही हे सांगणारा बुलियनही. इंटच्या जागी तो तसाच दिला तर कोड कंपाइल होत नाही. तुलना करताना मात्र जपा. गुण नल असतील तर 'गुण < ३५' फॉल्स आणि 'गुण >= ३५' हेही फॉल्स. 'पस्तीस किंवा जास्त असतील तर पास, एल्स नापास' असं लिहिलंत की गैरहजर मुलगा पुन्हा नापासांत जातो. म्हणून आधी हॅजव्हॅल्यू (किंमत भरली आहे का) तपासा, मगच तुलना करा.

'स्ट्रिंग?' दिसायला तसाच, पण त्याची हमी बरीच कमी. स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, हा रेफरन्स टाइप: त्यात थेट किंमत नसते, तिचा पत्ता असतो. अशा टाइपमध्ये नल पहिल्यापासूनच चालतो. २०१९ मध्ये सी शार्प ८ ने इथेही प्रश्नचिन्ह आणलं, ते फक्त कंपाइलरसाठी. प्रोग्राम चालू असताना 'स्ट्रिंग' आणि 'स्ट्रिंग?' एकच. नियम मोडला तर वॉर्निंग येते, आणि उद्गारचिन्ह लावून तीही गप्प करता येते. बाहेरून आलेल्या जेसनमध्ये (मजकुराच्या रूपात पाठवलेल्या डेटामध्ये) नाव नल असेल, तर मूळ सेटिंगमध्ये ते प्रश्नचिन्ह नसलेल्या स्ट्रिंगमध्येही निमूट जाऊन बसतं.

तरीही ही सोय चालू ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. सी शार्प ज्या डॉट नेटवर चालते, त्याच्या सहाव्या आवृत्तीपासून नव्या प्रोजेक्टमध्ये ती चालूच असते. नलच्या वॉर्निंगना एरर माना आणि बाहेरचा डेटा जिथे आत येतो तिथे स्वतः तपासणी लिहा. आतल्या कोडमध्ये मग जागोजागी 'नल आहे का' विचारावं लागत नाही.

जुन्या प्रोजेक्टमध्ये एकेक फाइल घेऊन चालू करा. क्लास डेटाबेसशी जोडणारी एंटिटी फ्रेमवर्क कोअर ही लायब्ररी वापरत असाल तर साध्या स्ट्रिंगचा कॉलम त्यानंतर 'नॉट नल' (रिकामा चालणार नाही असा) धरला जातो, तेव्हा पुढचं मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारा कोड) डेटाबेसवर चालवण्याआधी ओळ न् ओळ वाचा.