कोल्हापूर–बाहुबली–सदलगा–भोज एकदिवसीय यात्रा बस : सोय चोख, माहिती तोकडी

दिगंबर जैन आचार्य विद्यासागर महाराजांचे जन्मगाव, बेळगाव जिल्ह्यातील सदलगा, दाखवून आणणाऱ्या एका खासगी यात्रा बसने गेल्या महिन्यात आईला घेऊन गेलो होतो. माणशी नऊशे रुपयांत दोन वेळचे जेवण धरलेले आहे. जेवणाबाबत तक्रारीला जागा नाही. पाणी समोर गाळून भांड्यात भरले जात होते, ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी आणि मुगाची आमटी गरम होती, आणि संध्याकाळचे जेवण सूर्यास्ताच्या पुष्कळ आधी उरकले गेले, त्यामुळे चौविहार (सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य) पाळणाऱ्या ज्येष्ठांची कुठेही अडचण झाली नाही.

तक्रार आहे ती बसमध्ये ध्वनिक्षेपकावरून दिल्या जाणाऱ्या माहितीविषयी. १० ऑक्टोबर १९४६ रोजी, शरद पौर्णिमेला, मल्लप्पा आणि श्रीमंती अष्टगे यांच्या घरी विद्याधरचा, म्हणजेच पुढच्या विद्यासागर महाराजांचा, जन्म झाला, इथपासून निवेदन सुरू होते आणि मग बाळपणीच्या अद्भुत गोष्टींतच पाऊण तास जातो. लहानपणी शेडबाळला आचार्य शांतिसागर महाराजांचे प्रवचन ऐकून मनात वैराग्याचे बीज पडले, हा प्रसंग मात्र निवेदकाने रंगवून आणि मनापासून सांगितला, हे नमूद केले पाहिजे.

पण पुढचे शिक्षण? ते एका वाक्यात संपले! वास्तविक या चरित्राचा सर्वांत वाचनीय भाग तोच आहे. कन्नड माध्यमातून नववीपर्यंत शिकलेला, घरी कन्नड आणि सीमाभागामुळे मराठीही कानावर असलेला हा मुलगा १९६६ मध्ये घर सोडून राजस्थानात गेला, जयपूरला आचार्य देशभूषण महाराजांकडून त्याने ब्रह्मचर्यव्रत घेतले आणि पुढे अजमेर परिसरात ज्ञानसागर महाराजांपाशी पोहोचला. ज्ञानसागर महाराज तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढचे, संस्कृतात ‘जयोदय’सारखे महाकाव्य रचलेले विद्वान होते. समोरच्या तरुणाला धड हिंदीही येत नव्हती. ‘शिकून निघून जाशील’ अशी शंका गुरूंनी काढताच विद्याधरने आजन्म वाहनाचा त्याग केला, असे सांगितले जाते. नेमकी ही गोष्ट बसमध्ये कोणी सांगितली नाही. कदाचित धंद्याच्या दृष्टीने तेच शहाणपणाचे असावे.

संस्कृत व्याकरणापासून सुरू झालेल्या त्या अध्ययनानंतर, क्षुल्लक-ऐलक या मुनिपदाआधीच्या पायऱ्या न चढता, ३० जून १९६८ रोजी अजमेरला त्यांची थेट मुनिदीक्षा झाली. त्या वेळी त्यांचे वय २१ होते. १९७२ मध्ये नसीराबादला ज्ञानसागर महाराजांनी आपले आचार्यपद याच शिष्याला दिले आणि स्वतः त्याच्या निर्देशाखाली सल्लेखना, म्हणजे आहार क्रमाने सोडून मृत्यू स्वीकारण्याचे व्रत, घेतली. ज्या हिंदीशी विसाव्या वर्षी झटापट करावी लागली, त्याच भाषेत त्यांनी पुढे ‘मूकमाटी’ हे महाकाव्य लिहिले. एवढे सांगायला दहा मिनिटे पुरली असती.

सदलग्याला थांबा फक्त पंचवीस मिनिटांचा होता. जन्मस्थानी आता मंदिर आहे. आई दर्शन घेऊन ओसरीवर जरा टेकते न टेकते तोच चालकाने हॉर्न वाजवायला सुरुवात केली. याउलट कुंभोजच्या बाहुबलीला तब्बल दोन तास मिळाले. तिथली २८ फुटी मूर्ती आणि समंतभद्र महाराजांनी सुरू केलेला आश्रम पाहायला तेवढा वेळ लागतो हे मान्य, पण दिवसाची वाटणी यापेक्षा बरी करता आली असती. दूधगंगा-वेदगंगेच्या संगमावरचे भोज, म्हणजे शांतिसागर महाराजांचे गाव, उतरत्या उन्हात सुंदर दिसले.

वृद्धांना घेऊन जायचे असेल तर ही बस निर्धास्तपणे ठरवावी. आसने मऊ आहेत आणि पायऱ्या बुटक्या आहेत. मागच्या दोन रांगा मात्र टाळाव्यात, कारण तिथे ध्वनिक्षेपक घरघरतो. आरक्षण करतानाच सदलग्याला किमान एक तास थांबण्याचे कबूल करून घ्यावे. आम्ही ते विचारले नाही, आणि परतताना आई ‘घर नीट बघायचं राहिलंच’ असे निपाणीपर्यंत म्हणत होती.