१८ इंची डोमचं रडार: अंतर चोख, दिशा जरा सैल

छोट्या बोटीवर रडार बसवून आता बरेच महिने झाले. घेताना सगळे विचारतात, किती मैल दिसतं? रोज वापरायला लागल्यावर वेगळाच प्रश्न पडतो: ठिपका जिथे दिसतोय, तिथेच ती वस्तू आहे का?

अंतरापुरतं बोलायचं तर हो. लहरीला जाऊन परत यायला एका नॉटिकल मैलामागे साधारण १२.३५ मायक्रोसेकंद लागतात आणि तो हिशोब यंत्र बिनचूक करतं. दिशेचं तसं नाही. डोममधल्या (गोल झाकणातल्या) एवढ्याशा अँटेनाचा झोत पाचेक अंश रुंद, म्हणजे सहा मैलांवर त्याचा पसारा जवळपास एक किलोमीटर. त्यामुळे लांबचं जहाज फुटक्या बांगडीच्या तुकड्यासारखं आडवं फाकलेलं दिसतं. बंदराचं तोंड तर लांबून चक्क बंदच! दोन्ही बाजूंच्या बंधाऱ्यांचे इको (परतलेल्या लहरींचे ठिपके) एकमेकांना चिकटतात. २०० मीटरची फट सव्वा मैलाच्या आत आल्याशिवाय उघडत नाही. म्हणून व्हीआरएमचं (अंतर मोजायचं) वर्तुळ ठिपक्याच्या आतल्या कडेला टेकवायचं आणि ईबीएलची (दिशा मोजायची) रेघ त्याच्या मधोमध ठेवायची.

हेड-अप मोड (पडद्यावर वरची बाजू म्हणजे बोटीचं तोंड) मला अजिबात आवडला नाही. लाटेने नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, जराशी डावी-उजवीकडे गेली, की सगळं चित्र फिरतं आणि ट्रेल्सचा (ठिपक्यांमागे उमटणाऱ्या शेपट्यांचा) चिखल होतो. नॉर्थ-अप (वर कायम उत्तर) लावलं की चित्र जागेवर बसतं, पण त्यासाठी बोटीचं तोंड कुठे आहे ते सांगणारा हेडिंग सेन्सर लागतो, आणि तो वेगळा घ्यावा लागतो हे विकणारा आपणहून सांगत नाही.

रिलेटिव्ह मोशनमध्ये (आपली बोट पडद्यावर स्थिर धरलेली असताना) ट्रेल म्हणजे समोरच्याचा मार्ग नव्हे; नांगर टाकून उभी असलेली बोटही आपल्याकडे चालून येताना दिसते. पण टक्कर ओळखायला हाच मोड बरा. ईबीएलची रेघ जहाजावर ठेवा. काही मिनिटांनी ठिपका रेघेवरच राहून आत सरकला असेल, तर वेळीच वळा.

ऑटो सी क्लटर (लाटांचे इको आपोआप पुसणारा फिल्टर) ठीकठाक. खवळलेल्या पाण्यात तो जवळच्या लहान होड्याही पुसून टाकतो, तेव्हा हातानेच कमी करते.

डॉप्लरचे (जहाज जवळ येतंय की लांब जातंय ते दाखवणारे) रंग दिसायला छान, पण आडव्या जाणाऱ्या जहाजाला रंगच चढत नाही. पुन्हा घ्यायचं झालं तर ते पैसे लांब अँटेनात घालेन. चार फुटी उघड्या अँटेनाचा झोत दोन अंशांच्या आसपास येतो. फक्त त्याला फिरायला मोकळी जागा हवी, आणि तो बॅटरीही जास्त खातो.