हासेगावाचं १/७२ लिबरेटर: लोहगावच्या विमानासाठी कितपत चालतं?

घाई असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकते. हासेगावा या जपानी कंपनीचं बी-२४जे लिबरेटर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन बॉम्बरचं १/७२ प्रमाणातलं प्लास्टिकचं जोडायचं किट, महाग आहे, साध्या शोकेसमध्ये मावत नाही, आणि आयुष्यातलं पहिलं चार इंजिनांचं विमान म्हणून तर मुळीच घेऊ नका. पण भारतीय हवाई दलाचं लिबरेटर करायचं मनात असेल, तर फार वणवण न करता हेच घ्या.

मी व्यवसायाने दातांची डॉक्टर, सांगलीत क्लिनिक आहे. संध्याकाळचे पेशंट आटोपले की मागच्या खोलीत प्लास्टिकची विमानं. आमच्याकडची सुरेखा अजूनही नव्या माणसांना सांगते, "मॅडमचं आतलं काम चाललंय," आणि लोकांना वाटतं कवळी घासतायत.

किटबद्दल बोलू. खऱ्या लिबरेटरचे पंख ११० फुटी, म्हणजे या प्रमाणात जवळपास ४७ सेंटिमीटर. लांबी त्यामानाने कमी, साधारण २९. त्यामुळे विमान टेबलावर आडवंच्या आडवं पसरतं. करड्या प्लास्टिकचे सुटे भाग बघून मात्र जीव सुखावतो. पत्र्यांच्या जोडांच्या रेषा खोदीव आहेत आणि अगदी बारीक, कुठेही खड्डा पडल्यासारख्या नाहीत. प्रॅट अँड व्हिटनीच्या चौदा सिलिंडरच्या इंजिनांचे पुढचे चेहरे नीट धुवून, काळा वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) देऊन बघा, दुसरं काही करायची गरज नाही. मला हे सगळं टपाल आणि कस्टम्स धरून सात हजारांच्या घरात पडलं. एवढ्यात इथे दोन चांगली लढाऊ विमानं येतात, हे खरं आहे.

माझ्या खोक्यातले डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं, अमेरिकन विमानांचे होते. ते मी बाजूला ठेवले, कारण मला हवं होतं सहाव्या स्क्वाड्रनचं विमान. ही स्क्वाड्रन १९५१ पासून पुण्याच्या लोहगाव तळावरून लिबरेटर उडवत होती, समुद्रावर टेहळणीसाठी. आणि ती विमानं आली कुठून हे माहीत असल्याशिवाय त्यांचा रंग करताच येत नाही, म्हणून चार वाक्यं इतिहासाची.

युद्ध संपलं तेव्हा ब्रिटिश हवाई दलाची लिबरेटर कानपूरला जमा झाली होती. ती अमेरिकेकडून लेंड-लीजवर, म्हणजे युद्धापुरती उसनी, आलेली. अट अशी की एकतर परत करा, नाहीतर निकामी करा. मग निकामी केली. यंत्रं फोडली, इंजिनांत वाळू ओतली, काहींवर अवजड गाड्या घातल्या. त्या भंगारातून बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने चाळीसच्या आसपास विमानं पुन्हा उभी केली. कानपुरात जुजबी डागडुजी करायची आणि बंगळूरपर्यंत उडवत न्यायची. हे काम कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी केलं. नोव्हेंबर १९४८ मध्ये पाचव्या स्क्वाड्रनला पहिली विमानं मिळाली, आणि शेवटची निवृत्त झाली १९६८ मध्ये. जगात इतर कुठेही लिबरेटर इतका काळ नोकरीत राहिलं नाही. आज परदेशी संग्रहालयांत दिसणारी काही लिबरेटर आपल्याकडूनच गेलेली आहेत. अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनचं पुन्हा उडतं केलेलं बी-२४जे हेही कानपूरच्याच ढिगातलं. आपल्याला बघायचं तर दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक उभं आहे.

आता जोडणी. नाकाखाली चाक असलेलं विमान, मागे दोन शेपट्या आणि मशीनगनची घुमटी, तेव्हा नाकात वजन न घालता चिकटवलं तर ते शेपटीवर बसणार हे ठरलेलंच. वजन कमी पडलं तर नंतर ते आत घालायला वाट नसते. बहुतेक जण मासेमारीची शिशाची गोळी वापरतात. माझ्याकडे त्याहून सोयीचं होतं. दातांच्या एक्स-रेच्या जुन्या फिल्मच्या पाकिटात फिल्ममागे शिशाचा पातळ पत्रा असतो. आता सगळं डिजिटल झालंय, पण उरलेली पाकिटं कपाटात पडून होती. ते पत्रे घडी घालून, चेचून, वैमानिकांच्या जागेच्या खाली, त्यांच्या मागच्या भिंतीला, आणि चारही इंजिनांच्या आत पुढच्या बाजूला बसवले. इंजिनं मुख्य चाकांच्या पुढे असल्यामुळे तिथलं वजनही उपयोगी पडतं, हे कागदावर कुणी सांगत नाही. शिसं चिकटवायला पांढरा फेविकॉल वापरू नका. त्याच्याशी शिशाची रासायनिक क्रिया होऊन ते फुगतं आणि पुढेमागे विमानाची शिवण उसवते. इपॉक्सी किंवा सुपरग्लू. आणि हात धुवा, मग चहा घ्या.

अंगाचे दोन भाग तात्पुरते टेपने बांधून, मुख्य चाकांची जागा पेन्सिलीवर टेकवून तोल बघावा. नाक झुकलं की समजा झालं, वर थोडं जास्तच घाला. रंगाचंही वजन शेपटीकडे जातं.

बॉम्बखान्याची दारं मी बंद ठेवली. लिबरेटरची दारं बाहेर उघडत नाहीत, दुकानाच्या शटरसारखी अंगावरून वर सरकत जातात, म्हणजे उडताना हवेला अडथळा कमी. उघडी ठेवली तर आतली बॉम्बची रॅकं आणि मधली अरुंद पायवाट दिसते, देखणी दिसते. पण समुद्रावर पाळत ठेवणाऱ्या विमानाच्या पोटात दिखाऊ बॉम्ब भरून ठेवणं मला पटेना.

काचेचे भाग हा खरा संयमाचा कस. नाकाची घुमटी, वरची, पोटाखालची, शेपटीची, शिवाय वैमानिकांची काच आणि दोन्ही कुशीच्या खिडक्या. प्रत्येक चौकटीला टेपचा तुकडा कापून लावायचा. इथे माझ्या धंद्याचा फायदा झाला: अकरा नंबरचं ब्लेड आणि भिंग रोजच्या सवयीचं. ज्यांना ही सवय नाही त्यांनी आधीच कापलेला मास्क वेगळा विकत घ्यावा, पैसे वसूल होतात.

धंद्यावरून आठवलं. मला दर वेळी कुणीतरी विचारतं, दातात भरायचं कंपोझिट निळ्या दिव्याने कडक होतं, ते फटी भरायला का वापरत नाही? नाही वापरत. ते प्लास्टिकपेक्षा फार कडक. घासायला गेलं की आजूबाजूचं प्लास्टिक आधी झिजतं आणि शिवणीचा उंचवटा तसाच राहतो. क्लिनिकमधल्या मोटरने घासायचाही मोह होतो, प्लास्टिक वितळतं. हातानेच घासा. माझ्या क्लिनिकमधली फक्त दोनच साधनं या खोलीत उपयोगी पडली: घासताना पुसट झालेल्या रेषा पुन्हा कोरायला दात तपासायची टोकदार सळई, आणि तेलविरहित कंप्रेसर. रेग्युलेटर लावून हवेचा दाब पंधरा पीएसआयवर आणला की एअरब्रशला, म्हणजे रंग फवारायच्या पेनला, उत्तम चालतो.

उघड्या अॅल्युमिनियमचं विमान म्हणजे लपवायला जागाच नाही. आधी चकचकीत काळा, तो कडक वाळू द्यायचा, मग अल्क्लॅड या धातूसारख्या रंगांच्या ब्रँडचा एअरफ्रेम अॅल्युमिनियम हलक्या हाताने. काळ्या थराखाली एक ओरखडा राहिला तरी तो चांदीत ठळक उमटतो. म्हणून काळा दिल्यावर विमान खिडकीजवळ आडव्या उन्हात धरून इंचाइंचाने बघावं. यानंतर काही पत्रे टेपने वेगळे करून ड्युरअॅल्युमिनियम आणि व्हाइट अॅल्युमिनियम मारले. माझा तर्क साधा आहे. ही विमानं भंगारातून उभी राहिलेली, तेव्हा एका विमानाचा पत्रा दुसऱ्याला लागलेला असणार, नव्याशेजारी जुना असणार. जुन्या कृष्णधवल फोटोंतही शेजारचे पत्रे वेगवेगळे चमकतात. तेव्हा इथे छटांचा फरक नेहमीपेक्षा एक पायरी जास्तच ठेवला.

गोल चिन्हं घरच्या इंकजेटवर छापायचा विचार सोडून द्या. प्रिंटर पांढरा छापत नाही, आणि डेकलच्या पारदर्शक कागदावरचा केशरी चांदीवर चिकटवला की मातकट दिसतो. मी स्प्रेच केली: आधी पूर्ण पांढरा गोल, मग कंपासला पातं लावून कापलेल्या टेपने पांढरं कडं झाकून बाहेर केशरी, आत हिरवा. क्रमांक काळा असतो, एचई या अक्षरांनी सुरू होतो. तो मात्र पारदर्शक कागदावर छापून छान बसला.

आणि मग वेदरिंग, म्हणजे विमान वापरून मळल्यासारखं दाखवणं, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. आपल्याकडे सगळे परदेशी व्हिडिओ बघून विमान मळवतात. रंग उडून खालचं चांदीचं दिसतंय असे टिपके सगळीकडे. अहो, इथे विमानच चांदीचं आहे, खालून काय दिसणार? इंग्लंडच्या बॉम्बरवरचा तो काळा धूर, चिखल, गोळ्यांची ठिगळं यांतलं काहीही लोहगावच्या विमानाला लागू नाही. त्याला लागू आहे ते तेल, ऊन, पाऊस आणि खारा वारा.

तेल आधी. या गोल इंजिनांतून तेल गळतंच. इंजिनांमागे पंखावर कॅमलच्या ऑइल कलरमधला बर्न्ट अंबर आणि काळा वापरला. रंग आधी खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढून ठेवायचा, म्हणजे त्यातलं जवसाचं तेल पुठ्ठा शोषून घेतो आणि रंग विमानावर लवकर, बिनचकाकीचा वाळतो. काडीच्या टोकाने टिपके, मग थिनरमध्ये बुडवून जवळजवळ कोरडा केलेला चपटा ब्रश वाऱ्याच्या दिशेने, पुढून मागे, एकदाच. दुसऱ्यांदा ओढलात की रेघ जाऊन डाग उरतो. चारही इंजिनं सारखी मळवू नयेत; माझं डावीकडचं बाहेरचं सगळ्यात घाण आहे, उजवीकडचं आतलं नुकतंच बदलल्यासारखं.

धुराचा प्रकार वेगळा. लिबरेटरचा टर्बोसुपरचार्जर (धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र) इंजिनाच्या खालच्या बाजूला असतो, धूर तिथून निघतो. म्हणजे काजळी पंखाच्या पोटाला, वर नाही. वर धुराचे पट्टे मारलेली लिबरेटर मी प्रदर्शनांतही पाहिली आहेत. मी सॉफ्ट पेस्टल कानशीवर घासून भुकटी केली, तपकिरीत थोडा राखाडी मिसळून ती मऊ ब्रशने टर्बोमागे फिरवली. पोट कोण बघतं, असं म्हणाल तर मी बघते.

खारा वारा हा सर्वांत अवघड भाग, कारण त्यात काही लावायचं नसतं, काढायचं असतं: चमक. निम्म्या पत्र्यांवर मॅट वॉर्निशचा एक पुसट थर, रिव्हेटच्या ओळींशी अगदी पातळ पांढरट वॉश, लगेच पुसलेला. चाकांच्या रबरावर राखट धूळ. बस. इथे हात आवरता आला पाहिजे. माझ्या मते या विमानाला आठ-दहा वर्षांची नियमित नोकरी दिसावी, हाल दिसू नयेत. रोज धुणारी, पुसणारी माणसं त्याच्या दिमतीला होती.

खरेदीबद्दल शेवटचं. ज्या ऑनलाइन विक्रेत्याकडून मी हे घेतलं त्याने एवढं मोठं खोकं एका पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पाठवलं. कोपरा चेपलेला होता, आतला माल नशिबाने धड. मागवताना दुहेरी पुठ्ठ्याचं पॅकिंग लेखी मागून घ्या, काचेच्या भागांचे सुटे तुकडे इथे मिळत नाहीत. हे किट कायम उपलब्ध नसतं, वर्ष-दोन वर्षं गायब होतं, तेव्हा दिसलं की घेऊन ठेवा. किमान बावन्न सेंटिमीटर रुंद अॅक्रिलिकची पेटीही त्याच दिवशी सांगून ठेवा. माझ्या माणसाने ती करायला किटपेक्षा जास्त वेळ घेतला.