मैफल की रेकॉर्डिंग?
शास्त्रीय संगीतातल्या ख्याल गायनापुरतं म्हणाल, तर मी मैफलीच्या बाजूने. रेकॉर्डिंगचे उपकार मोठे आहेतच. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, तेवढ्यात राग उभा करणारे अब्दुल करीम खाँ आज ऐकायला मिळतात ते त्यामुळेच. केसरबाई केरकरांची भैरवी तर १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली!

पण मैफलीत विलंबित म्हणजे संथ लयीतल्या एकतालात गवई समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो, समोरून ‘क्या बात है’ येतं आणि तीच जागा, म्हणजे तोच सुरांचा तुकडा, तो पुन्हा, वेगळ्या वळणाने घेतो. ही दुसरी जागा श्रोत्यांनी मागून घेतलेली असते. पुण्यात डिसेंबरच्या थंडीत सवाई गंधर्व महोत्सवाला माणसं शाली पांघरून बसतात ती यासाठीच. रियाजाला, बारकावे घोटायला मात्र रेकॉर्डिंगच हवं.