सिक्लिडच्या टँकसाठी घेतलेला ‘72 वॅट’चा दिवा

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी, घराच्या पुढच्या खोलीत चार फुटी फिशटँक असून त्यात मी आफ्रिकेतील मलावी सरोवरातले म्बुना सिक्लिड जातीचे रंगीत मासे पाळतो. त्या सरोवराचे पाणी अल्कधर्मी असते आणि आमच्या बोअरचे पाणीही क्षारांचे, जड आहे, त्यामुळे हे मासे येथे चांगले रुळले. त्यांच्यासाठी दिवा घेताना मात्र माझी 6,800 रुपयांची फसवणूक झाली. पैशांहूनही जिवावरचा धोका मोठा होता, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी अमरावतीच्या एका दुकानात गेलो होतो. दुकानदाराने प्रथम दिवा न दाखवता मासे दाखवले. गुलाबी-निळसर प्रकाशातल्या टँकमध्ये निळे मासे अक्षरशः झळाळत होते. “हा लाईट नसन त रंग उडून जाते, गुरुजी, मग मासा टिकत नाही,” असे तो म्हणाला. खोक्यावर 72 वॅट, ‘सिक्लिड स्पेशल’ आणि आयपी 68 (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) असे छापलेले होते. मी तो दिवा घेतला आणि सोबत तेथलेच चार निळे मासेही घेतले. सकाळी खिडकीतून आलेल्या उजेडात पाहिले, तेव्हा त्यांतले तीन मासे राखाडी दिसत होते.

माशाचा रंग त्याच्या वाणावर, खाद्यावर, टँकमधल्या त्याच्या दबदब्यावर आणि त्याला असलेल्या ताणावर ठरतो. दबून राहणारा नर कितीही भारी दिव्याखाली ठेवला तरी फिकाच राहतो. दिव्यातल्या लाल आणि निळ्या एलईडींचा प्रकाश त्याच रंगांना उठाव देतो, पण माशाच्या अंगात नसलेला रंग तो आणू शकत नाही. म्हणूनच मासे किंवा दिवा घेण्यापूर्वी दुकानदाराला रंगीत दिवा बंद करून साधा पांढरा दिवा लावायला सांगावे. तो टाळाटाळ करू लागला, तर तेथून काहीही घेऊ नये.

वॅटची शंका मला उशिरा आली. आमच्या विजेच्या मीटरवर एका युनिटला 3200 स्पंदने असे छापलेले आहे, म्हणजे मीटरचा लहान लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट वीज खर्च होते. घरातले बाकी सर्व बंद करून केवळ हा दिवा लावला आणि घड्याळ घेऊन मीटरसमोर उभा राहिलो. 72 वॅटच्या दिव्याने दहा मिनिटांत सुमारे 38 वेळा लुकलुक व्हायला हवी होती. ती सात वेळा झाली. हिशेबाने तो दिवा जेमतेम 13 वॅटचा निघाला. खरे तर झाडे नसलेल्या म्बुनाच्या टँकला तेवढा उजेडही चालून जातो, परंतु मी पैसे 72 वॅटचे मोजले होते.

पुढचा प्रकार याहून गंभीर होता. पाणी बदलताना माझा एक हात पाण्यात होता आणि दुसरा दिव्याच्या अॅल्युमिनियमच्या पट्टीला लागला, तेव्हा कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. गावातल्या वायरमनने पट्टीला टेस्टर लावताच टेस्टर पेटला. पट्टीचे टोक उघडले, तर आत रबराच्या वायसरऐवजी डिंकासारखा गोंद भरलेला होता, त्याखाली पाण्याचे थेंब जमले होते आणि 230 व्होल्टची वायर आतपर्यंत आलेली होती. आयपी 68 चा अर्थ धूळ आत जाणार नाही आणि उत्पादकाने सांगितलेल्या खोलीवर सतत बुडून राहिले तरी पाणी शिरणार नाही असा आहे. येथे तर केवळ वाफेनेच पाणी आत गेले होते. त्याच टँकमध्ये माझी आठ वर्षांची मुलगी रोज हात घालून खाद्य टाकते. तो दिवा मी त्याच क्षणी काढला.

दिवा परत करायला गेलो, तेव्हा तो आपल्या दुकानातला नसल्याचे उत्तर मिळाले. माझ्याकडे ‘लाईट 1 नग’ एवढेच लिहिलेले कच्चे बिल होते. पक्के बिल घेतले तर जास्त पैसे लागतील असे सांगितल्यावर मी ते सोडून दिले होते, ही माझी चूक. सुदैवाने पैसे मोबाईलवरून दिलेले असल्याने त्याची नोंद होती. ती नोंद, खोक्याचे फोटो आणि वायरमनने उघडलेल्या पट्टीचे फोटो जोडून मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार दिली, तेव्हा कोठे 4,000 रुपये परत मिळाले. तेवढ्यावर समाधान झाले नाही, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही.

आता टँकच्या काचेच्या झाकणावर 6500 केल्विनची, म्हणजे पांढऱ्या उजेडाची, 20 वॅटची साधी एलईडी पट्टी आहे. तिच्यावर बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह आणि नोंदणी क्रमांक दोन्ही आहेत, आणि ते पाहिल्याशिवाय मी पैसे दिले नाहीत. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवला, अर्थिंगची तार खड्ड्यापर्यंत खरोखरच पोचली आहे का हे वायरमनकडून तपासून घेतले, आणि पट्टीची वायर पिनकडे जाण्यापूर्वी खाली लोंबती ठेवली, म्हणजे ओघळणारे पाणी तेथेच टपकते. दिवा सायंकाळ धरून दिवसातून आठ तास चालतो. त्या पांढऱ्या उजेडात पिवळे मासे पिवळेच दिसतात, आणि ते तीन राखाडी मासे अजूनही राखाडीच आहेत.