रात्री नऊची लाईन: फोनवरच्या प्रार्थनासभेबद्दल एका जुन्या ऑपरेटरचा अभिप्राय

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे हा अभिप्राय कुठल्या कानाने दिलाय ते कळेल. एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, त्यातली सुरुवातीची बरीच ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे कॉल हाताने जोडायचे तिथे. कानाला हेडफोन, समोर दोऱ्या आणि भोकं. दिवा लागला की दोरी खुपसायची, दोन माणसं जोडून द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं. लाईनवर खरखर किती आहे, माणूस तोंड फिरवून बोलतोय का, बोलता बोलता गप्प झाला तो विचार करतोय की रडतोय, हे मला अजूनही न बघता कळतं. त्यामुळे फोनवर चालणाऱ्या कुठल्याही गोष्टीबद्दल मी जरा खवचटच असते.

सेवा अशी: रोज रात्री नऊला फोनवर भरणारी प्रार्थनासभा. व्हिडिओ नाही, साधा फोन चालतो. नंबर लावायचा, सहा आकडी कोड दाबायचा, शिट्टीनंतर आपलं नाव सांगायचं, की झालात आत. पंचवीस मिनिटं. बायबलमधलं एक स्तोत्र, थोडी शांतता, प्रार्थनेचे विषय आणि शेवटी नावं. नावांचं पुढे सांगते, सगळी गोम तिथेच आहे.

नवरा जाऊन चार महिने झाले होते तेव्हा चर्चच्या मंडळीतल्या एका बाईंनी मला हा नंबर दिला. मी तो एका पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतला आणि पुढचे दोन महिने लावला नाही. रविवारी उपासनेला जात होतेच की. फक्त बाकावर माझ्या डावीकडे तो बसायचा, तिथे आता माझी पर्स बसते. उपासना सुटली की दारात लोक "कशा आहात?" विचारतात आणि पुढे सरकतात, उत्तर ऐकायला थांबायचं तर मागे रांग तुंबते. कुणाचा दोष नाही, मीसुद्धा वर्षानुवर्षं असंच विचारत आले. बोर्डावर कधी कधी व्हायचं, लाईन लागलेली असायची, दिवाही बरोबर, पण एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोचायचाच नाही. तसं काहीसं.

शेवटी एका रात्री नंबर लावला. यंत्रातली बाई म्हणाली, "तुम्ही सातव्या सहभागी आहात." मी लगेच स्वतःला म्यूट केलं आणि तीन आठवडे तशीच राहिले.

तीन आठवड्यांचा हिशेब पक्का आहे, कारण इथे स्तोत्रं ओळीने वाचतात, एका रात्री एक. मी शिरले तेव्हा ६७वं चालू होतं. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांना दीडशेच्या दीडशे स्तोत्रं आठवड्यात पुरी करायचा नियम घालून दिला होता. त्यापुढे आमची गाडी पॅसेंजर. पण झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेसाठी त्याने ठरवलेल्या तीन स्तोत्रांपैकी एक, १३४वं, इथे रोज शेवटी म्हणतात. तीनच वचनं आहेत. रात्री परमेश्वराच्या घरात उभे राहणारे, म्हणजे रात्रपाळीवाले, त्यांच्यासाठीचं स्तोत्र. मी निम्मं आयुष्य रात्रपाळी केली आणि हे कधी लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्याच रात्री ६८वं आलं. एकाकी माणसांना देव घर देतो, अशा अर्थाचं वचन आहे त्यात. मला चीड आली. घर आहे माझ्याकडे, रिकामं आहे. फोन ठेवून देणार होते, पण तेवढ्यात वाचणाऱ्या काकांच्या मागे घड्याळाने नऊचे ठोके दिले आणि माझ्या भिंतीवर नऊ वाजून दोन मिनिटं झाली होती. या माणसाचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे आणि ते त्याला कुणी सांगितलेलं नाही, हे कळल्यावर मला उगाच त्यांच्या घरी कोण कोण असेल असा प्रश्न पडला. कुणी नसावं. असतं तर सांगितलं असतं.

मग सगळ्यांचे आवाज ओळखीचे झाले. एक बाळाची आई, कायम कुजबुजत बोलणारी. एक मुलगा, कामावर चालत जाता जाता जोडला जातो, त्याची पावलं ऐकू येतात आणि रस्ता ओलांडताना प्रार्थना मध्येच थांबते. एक बाई फक्त "आमेन" म्हणतात, तेही सगळ्यांच्या नंतर. चालवणारे भाऊ चांगले आहेत, पण त्यांना शांतता सोसत नाही. दोन मिनिटं शांत राहू या म्हणतात आणि चाळिसाव्या सेकंदाला "प्रभू..." सुरू. मी मोजलंय.

८८व्या स्तोत्राच्या रात्री घड्याळवाल्या काकांची पाळी होती आणि ते आले नव्हते. भाऊ म्हणाले, "कोण वाचेल?" कुणी बोलेना. बाळ रडत होतं, मुलगा रस्त्यात, आमेनवाल्या बाईंना चष्म्याने दिसत नाही म्हणे. माझ्या मांडीवर पवित्र शास्त्र उघडं होतं, पानही तेच. मी म्यूट काढलं. सहा महिन्यांत दुकानदार आणि डॉक्टर सोडून कुणाशी सलग चार वाक्यं बोलले नव्हते, त्यामुळे आवाज फाटका आला.

हे स्तोत्र ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी एकदा वाचावं. बहुतेक रडगाणी शेवटी वळण घेतात, तरी मी तुझी स्तुती करीन वगैरे. हे वळतच नाही. माझे मित्र, माझे सोबती तू दूर केलेस, आणि राहिला तो अंधार. मूळ इब्रीत, म्हणजे हिब्रूत, शेवटचा शब्दच 'अंधार' असा आहे. मी वाचलं आणि थांबले. एक बाई चटकन म्हणाल्या, "पण देव चांगला आहे, तो..." आणि आमचे भाऊ, ज्यांना शांतता सोसत नाही तेच, त्यांना म्हणाले, "ताई, आज स्तोत्र जिथे थांबलंय तिथेच आपण थांबू."

म्यूट परत दाबायचं माझ्याकडून राहून गेलं. एकतीस वर्षांची नोकरी आणि ही चूक! माझं रडणं सगळ्या लाईनवर गेलं, नाक शिंकरण्यासकट. या यंत्रणेत कुणी बाहेर पडलं की 'टुंक' असा बारीक सूर वाजतो. नऊ पंचवीस झाले, संपायची वेळ, आणि मी रडता रडता टुंक मोजायला बसले, सवयच तशी. एकही वाजला नाही. साडेनऊ झाले तरी नाही. फक्त श्वास, एका बाजूला रस्त्यावरची वाहनं. कुणी सांत्वन केलं नाही, कुणी वचन ऐकवलं नाही. मग पावलांवाला मुलगा म्हणाला, "काकू, मी पोचलोय, पण आत जात नाहीये अजून."

पाचपैकी निम्मे तारे त्या एका वाक्याला.

आता नावं. सभेच्या शेवटी भाऊ त्या रात्री आलेल्यांची नावं घेतात आणि मग न आलेल्यांचीही. शिक्षकासारखी हजेरी नव्हे, प्रार्थनेतच घेतात. प्रेषित पौलाने रोमकरांस, म्हणजे रोममधल्या मंडळीला, लिहिलेल्या पत्राचा शेवटचा, सोळावा अध्याय आपण बहुतेक जण चाळून सोडतो, नुसती यादी म्हणून. अजून न पाहिलेल्या शहरातल्या दोन डझन माणसांना त्याने नावानिशी सलाम पाठवलाय, आणि रूफच्या आईबद्दल लिहिलंय की ती माझीही आईच. आमच्याकडे पर्टिक्युलर पर्सन कॉल असायचा: अमुकच माणूस लाईनवर आला पाहिजे, घरातला दुसरा कुणी चालणार नाही. तो अध्याय म्हणजे अशा कॉलांची थप्पी आहे. मध्यंतरी मला ताप होता आणि दोन रात्री मी नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी घड्याळवाल्या काकांचा फोन: "दोन रात्री तुमचं नाव न आलेल्यांत होतं." बस, एवढंच. मी त्यांना घड्याळ मागे असल्याचं सांगून टाकलं. ते म्हणाले, "माहीत आहे, ती असताना लावलेलं आहे, राहू दे."

थोडं विषयांतर. १९५३ साली लंडनमध्ये चॅड व्हारा नावाच्या धर्मगुरूंनी जीव द्यायच्या विचारात असलेल्यांसाठी टेलिफोन सेवा सुरू केली, तीच पुढे समॅरिटन्स झाली. भेटायला येणाऱ्यांना ते स्वतः सल्ला देणार, आणि तोवर बाहेर बसलेल्यांना सोबत म्हणून काही साधे स्वयंसेवक, अशी व्यवस्था होती. झालं असं की लोक त्या स्वयंसेवकांशीच बोलून मोकळे व्हायचे, आत जायची गरजच उरायची नाही. व्हारांनी ते ओळखलं आणि १९५४ मध्ये फोन स्वयंसेवकांच्या हाती दिला. आमच्या भाऊंनीही अधूनमधून बाहेरचे वक्ते बोलावण्याआधी ही गोष्ट आठवावी.

कारण मोठी तक्रार तीच आहे. एका रात्री एक पाहुणे आले आणि वीस मिनिटं बोलले. सार असं, की ज्याच्याजवळ प्रभू आहे त्याला एकटेपणा वाटूच शकत नाही, वाटत असेल तर विश्वास तपासा. लाईनवर त्या रात्री तीन टुंक वाजले. मला विचारायचं होतं, एलीया संदेष्ट्याचा विश्वास तपासायचा का? मीच एकटा उरलो म्हणणारा तो, आधी झुडपाखाली मरण मागत पडला होता. देवाने त्याला आधी झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं. तू एकटा नाहीस, सात हजार आहेत, हे पुष्कळ नंतर, होरेब डोंगरावर सांगितलं. पौल तुरुंगातून आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो की देमास सोडून गेला, लूक तेवढा जवळ आहे, त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा घेऊन ये आणि हिवाळ्याच्या आत ये. थंडी वाजतेय आणि माणूस हवंय, एवढं सरळ. आणि प्रभूने स्वतः गेथशेमाने बागेत, पकडले जाण्याआधी, तीन शिष्यांना जागं राहायला सांगितलं होतंच ना? ते झोपले.

वधस्तंभावरून येशूने आपली आई आणि एक शिष्य यांना एकमेकांच्या हवाली केलं, तो भाग मी हल्ली परत परत वाचते. योहानाने लिहिलंय, त्या घटकेपासून शिष्याने तिला आपल्या घरी नेलं. मरता मरता त्याने तिची राहायची सोय लावली. पुनरुत्थानाची आशा माझ्यासाठी खरी आहे, नवऱ्याला मी त्याच आशेने मातीत ठेवलं. पण मधल्या मंगळवारांचं काय करायचं, ते मला या लाईनवर कळलं.

बारीकसारीक उणिवा: कोड दर महिन्याला बदलतो आणि कळवतात आदल्या रात्री. स्पीकरवर टाकून बोलणाऱ्यांमुळे घुमतं. त्यांना प्रेमाने सांगायला हवं, मी सांगितलं, प्रेमाने नव्हे. एकदा एका सभासदाच्या आजारपणाची गोष्ट 'प्रार्थनेचा विषय' म्हणून लाईनबाहेर फिरली, ते फार वाईट झालं. आता सुरुवातीलाच बजावतात की इथलं इथेच ठेवा. ही समुपदेशनाची सेवा नाही हेही स्पष्ट सांगतात. जिवाचं बरंवाईट करायचा विचार असेल त्याला डॉक्टरांकडे आणि हेल्पलाईनकडे पाठवतात, आणि पोचलात का म्हणून दुसऱ्या दिवशी विचारतात. प्रभुभोज फोनवर होत नाही, कुणाचा हात हातात येत नाही. रविवारच्या उपासनेच्या बदल्यात ही लाईन धरू नये. माझ्या बाकावर अजून पर्सच असते, पण परवा आमेनवाल्या बाई माझ्याच मंडळीतल्या, चार रांगा मागे बसणाऱ्या निघाल्या. आमेनवरून ओळखलं.

पाचपैकी चार तारे. एक त्या पाहुण्यांचा कापला.

सात महिने होत आले, दुसरी फेरी चालू आहे. ६८वं परत येऊन गेलं, चीड आली नाही. मुलाने फार घाईत वाचलं एवढंच. आज ११९वं सुरू होतंय. १७६ वचनं, इब्री वर्णमालेच्या २२ अक्षरांना प्रत्येकी आठ, म्हणून ते तीन रात्रींत वाटून घेतो. आज पहिले आठ भाग, नववा माझा, उद्या सुरुवातीलाच. घरी वाचून बघितला. त्यात ७१वं वचन आहे, मी पिडलो गेलो हे माझ्या बऱ्यासाठीच झालं, अशा अर्थाचं. भाऊंना फोन करून सांगितलं की हे माझ्या तोंडून निघेल असं वाटत नाही, भाग बदलून द्या. ते म्हणाले, "बदलायला कशाला हवा? सत्तराव्यापर्यंत वाचा आणि थांबा. पुढचं आम्ही कुणीतरी वाचू."

घड्याळवाले काका तयार आहेत म्हणे.