किल्ल्याशेजारी घरदुरुस्ती: ना-हरकत सेवेला पाचपैकी तीन गुण

सोलापूरच्या भुईकोटालगत घर असेल तर गवंडी बोलवायच्या आधी ही ना-हरकत परवानगी घ्यावी लागते, कारण किल्ला केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद; पुढच्या २०० मीटरांत परवानगीनेच. अंतर तटापासून नाही, संरक्षित हद्दीपासून मोजतात. बहुतेकांची टेप इथंच चुकते.

पहिल्या पट्ट्यात दुरुस्तीला वाव आहे, पण घर १६ जून १९९२ पूर्वीचं हवं. नंतरचं असेल तर मंजुरीचा कागद. घरपट्टीच्या जुन्या पावत्या रद्दीत घालू नका. गळकं माळवद दुरुस्त करता येतं, त्यावर खोली चढवता येत नाही.

अर्ज ऑनलाइन होतो, हे बरंच म्हणायचं. मुदत मात्र लांबलचक: अर्जावर शिफारस करणाऱ्या राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणालाच दोन महिने. पावसाळ्याआधी काम उरकायचं तर जानेवारीतच अर्ज टाका.